काकाचा सी हॉक, बाबांचे साचे

माझा धाकटा काका नेहमी मान खाली घालून चालायचा. नव्या माणसाला वाटे, स्वभावानं गरीब असेल, नाहीतर याचं काहीतरी हरवलं असेल. दोन्ही खोटं. काका नौदलात विमानाच्या इंजिनाचा मेकॅनिक होता, आणि त्याचं विमान जहाजाच्या पाठीवरून उडायचं. उड्डाणाआधी सगळे खलाशी डेकवर खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभे राहत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत चालत जात. खिळा, वायसर, काडेपेटीची काडी, दोऱ्याचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचं. जेटचं इंजिन समोरचं सगळं आत ओढून घेतं. एक वायसर आत गेला तरी पात्यांचा चुरा आणि वैमानिक समुद्रात. ही सवय काकाच्या मानेत कायमची बसली होती. रजेवर लालबागला आमच्याकडे आला की सकाळचा केर काढून झाल्यावर तो आम्हा मुलांना चाळीच्या गॅलरीत ओळीनं उभं करायचा आणि शिस्तीत चालवायचा. बटणं, शेंगांची टरफलं, तुटक्या पिना आम्ही गोळा करून त्याच्या हातात द्यायचो. शेजारच्या परबकाकी दारात उभ्या राहून हसायच्या. "गो बाय, तुझो काको सोना शोधता काय गो?" म्हणायच्या. काका मान वर न करता म्हणायचा, "सोना गावला तर तुमका देतंय, काकी."

आमचं घर म्हणजे एक खोली, तिच्यातच मोरी, आणि मोरीच्या वर पोटमाळा. घरात आई, बाबा, मी आणि माझा लहान भाऊ. बाबा गिरणीत साचे खात्यात होते. साचे म्हणजे माग. गिरणगावात मागाला माग कुणी म्हणत नसे. त्यांच्या खात्यात जाड कॅनव्हास निघायचा, बहुतेक सरकारी ऑर्डरीचा. काकाच्या विमानाला पंखांच्या मुळाशी दोन बाजूंना दोन तोंडं होती, हवा आत घ्यायला. विमान उभं असलं की त्या तोंडांवर लाल कॅनव्हासची झाकणं बसवत, म्हणजे आत काही जायला नको. उडण्याआधी झाकणं काढायची, आत बॅटरी मारून बघायचं आणि अंगठा वर करायचा, हे काकाचं काम. हे ऐकल्यापासून बाबांच्या हाती कोलीत मिळालं होतं. "तुझ्या इमानाचा तोंड माझ्या कापडान बंद करतत," ते म्हणायचे. "माझो साचो नसतो तर तुझो हॉक कावळ्यांनी खाल्ल्यानी असतो रे मेल्या." काका म्हणायचा, "खरा असा दादा. पुढच्या वेळाक कमांडराक सांगतंय." रजेवर आल्यावर पहिलं जेवण दोघे भाऊ एकाच ताटात जेवायचे. ही पद्धत त्यांच्या आईनं गावाला लावलेली, ताटं कमी होती म्हणून. पुढे ताटं झाली तरी पद्धत राहिली. बांगड्याचं तिखलं, भात, वर सोलकढी, आणि मधोमध दोघांचे हात. बांगड्याचं डोकं कुणी घ्यायचं यावर दर वेळी भांडण व्हायचं आणि दर वेळी ते काकाला मिळायचं.

जेवण झालं की काका हॉकबद्दल बोलायचा, आणि तेही एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं. विमानाचं नाव सी हॉक. त्यातले बरेचसे इंग्रजांकडे नोकरी करून मग आपल्याकडे आलेले, काही जर्मनांकडून. "दुसऱ्याचे जुने कपडे घालून आमी आरमार उभा केला," तो म्हणायचा. पंख वर दुमडता येत, म्हणजे जहाजाच्या पोटात जास्त विमानं मावत. आमच्या पोटमाळ्यावर घडीची खाट दुमडून ठेवताना आई म्हणायची, हॉक ठेवला हो वर. मग लढाई झाली. पूर्वेच्या समुद्रात जहाज गेलं आणि तिथल्या बंदरांवर, धावपट्ट्यांवर हॉक तुटून पडले. दिवसभर एक उतरलं की दुसरं वर, तोंडातला घास गिळायला फुरसत नाही. लढाईतून सगळी परत आली, असं काका सांगे, आणि हे सांगताना तो मान वर करायचा. त्या काळात त्याला गल्लीत हार घातला होता. त्यानंतरची गोष्ट मात्र कुणी विचारत नसे. सुटे भाग मिळेनासे झाले. एका विमानाचं चाक काढून दुसऱ्याला लावायचं, दुसऱ्याचा पंप तिसऱ्याला, असं करत करत उडणारी कमी आणि हँगरमध्ये उघडी पडलेली जास्त झाली. आणि मग बातमी आली, की नवं विमान येतंय, उभ्या जागेवरून सरळ वर उठणारं. त्याच्या शिक्षणाला कोवळी पोरं विलायतेला निघाली. काकाचं वय झालं होतं, इंग्रजी जेमतेम होतं. त्याच्या नोकरीची मुदत आणि हॉकचं आयुष्य बरोबरच संपलं. एवढं सगळं हातात होतं त्या माणसाच्या, आणि तो घरी आला तो एक लोखंडी ट्रंक आणि एक जुनं लाल झाकण घेऊन. टाकून द्यायच्या सामानातलं ते झाकण त्यानं साहेबाला विचारून घेतलं होतं. बाबांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं, किनार दातानं ओढून बघितली. "आमच्या मिलीचा नाय," ते म्हणाले, "पण चोख असा." आणि ट्रंकेवर नीट पसरून ठेवलं.

काका आला तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन काही महिने झाले होते. संपाबद्दल आता पुष्कळ लिहिलं जातं. मोठमोठ्या उपाहारगृहांच्या भिंतींवर आमच्या गिरण्यांचे फोटो टांगलेले मी बघितलेत, पिवळसर दिवे लावून. त्या फोटोंखाली बसून केक खाणाऱ्यांना शिव्या द्यायचं माझं वय राहिलेलं नाही, तरी मी मनातल्या मनात देते. आमच्या घरात संप म्हणजे स्वयंपाक होता. आई खाणावळ चालवायची. गावाकडचे एकटे कामगार आमच्या गॅलरीत पाळीपाळीनं जेवायला बसायचे. ते सगळे गावी निघून गेले आणि आईची मोठी पातेली पालथी पडली. सकाळी पेज, संध्याकाळी कुळथाची पिठी, वरळी कोळीवाड्यातून आईची मैत्रीण घेऊन आली तर सुकट. आई सुकट भाजायची तेव्हा वासावरून सगळ्या मजल्याला कळायचं की आज आमच्याकडे चंगळ आहे. माझं कॉलेज त्याच वर्षी सुटलं आणि मी शिवणाच्या एका वर्कशॉपमध्ये काजं करायला बसले. त्याचा राग अजून गेलेला नाही. बाबा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून संपाच्या सभेला जायचे, जणू कामावर जात असावेत. दुपारी येऊन नुसते बसायचे. त्यांचे हात मांडीवर आपोआप हलत राहायचे, एक पुढे, एक मागे, साच्यावरचा धोटा फेकल्यासारखे.

काका नोकरी शोधत होता. सगळीकडे तेच. कोणतं इंजिन येतं? सी हॉकचं. ते काय असतं? मग घरी येऊन गॅलरीत खाली बघत येरझाऱ्या. अशात एके दिवशी तो जेवायला बसताना म्हणाला, "दादा, मिळाला काम." बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी आईला एकच ताट वाढायला सांगितलं. रजा नव्हती, बांगडा नव्हता, ताटात भात आणि पिठी, तरीही. दोन घास झाल्यावर काका म्हणाला, "गेटार उभा ऱ्हवाचा असा. फौजेतसून इल्लेल्यांकाच घेतत. तुमच्याच मिलीत." आईच्या हातातली पळी थांबली. संपकऱ्याचा सख्खा भाऊ मालकाच्या गेटवर! चाळ तोंडात शेण घालील, ते वेगळंच. मला भीती होती ती या ताटाची. हे दोघे एका ताटात जेवायचे थांबले तर आमच्या घरात काहीच उरणार नव्हतं, एवढं त्या वयात मला कळत होतं.

बाबांनी तोंडातला घास संपवला. मग त्यांनी विचारलं, "काम काय?"

"आत काय जाता नये. परवानगीशिवाय माणूस नाय, सामान नाय. तेवढाच."

"हॉकासारख्याच म्हण मगे."

"तसाच."

आणि बाबा चक्क हसले. आईकडे वळून म्हणाले, "अगो, बरा झाला. लोकांक वाटता मालक साचे मोडून इकतलो. आता कसो इकता बघूया. आपलो माणूस गेटार असा. माझ्या साच्यांक कोण हात लावूचो नाय." बाबांचा तो भाबडेपणा होता की शहाणपणा, यावर मी पुष्कळ वर्षं विचार केला. त्यांच्या लेखी संप आज ना उद्या मिटणार होता, गेट उघडणार होतं आणि आतले साचे धूळ झटकून पुन्हा सुरू होणार होते. साचे शाबूत राहिले की बाकी सगळं परत येतं. आणि साचे राखायला सख्खा भाऊ, ज्याच्या हातून इंजिनात कधी काडीसुद्धा गेली नव्हती. याहून चांगला राखणदार बाबांना कुठून मिळणार होता?

चाळीनं अपेक्षेप्रमाणे केलं. काका खाकी कपडे घालून जिना उतरला की खालच्या ओट्यावरचे लोक थुंकायचे. परबकाकींनी हसणं बंद केलं. कुणीतरी आमच्या दारावर कोळशानं वाईट शब्द लिहिला, आईनं तो पुसला. बाबा मात्र सभेत जाऊन उभे राहून सांगायचे, "माझो भाव गेटार असा म्हणान तुमचे साचे जाग्यार असत. ध्यानात ठेवा." मी रोज दुपारी काकाचा डबा घेऊन गेटवर जायची. तो मोठ्या लोखंडी गेटसमोर ताठ उभा असायचा आणि मधूनच पायाजवळचा खडा उचलून बाजूला फेकायचा. मला हसू यायचं. आता नाही येत.

संप कधी मिटला हे मला सांगता येत नाही, कारण तो मिटलाच नाही, विरत गेला. एकेक जण मान खाली घालून कामावर जायला लागला. बाबा शेवटपर्यंत थांबले. घरात पेजेचं पाणी वाढत गेलं आणि माझा भाऊ तापानं पडला, तेव्हा एके दुपारी तेही गेले. मी काकाचा डबा द्यायला गेले होते म्हणून मला सगळं दिसलं. बाबा इस्त्रीच्या शर्टात आले, गेटसमोर उभे राहिले. काकाच्या मागे केबिनमध्ये एक टायवाला साहेब बसला होता. काका म्हणाला, "दादा, तुका आत सोडू नको म्हणान सांगलेला असा." सभेत बोलणाऱ्यांना परत घ्यायचं नाही, असं वरून ठरलं होतं. काकाचा हात गेटच्या दांड्यावर होता. मला वाटलं, आता बाबा त्याच्या थोबाडीत देणार. मनातून मला तेच हवं होतं. बाबा नुसतं गेटच्या फटीतून आत बघत राहिले.

"तुझा काम तू केलंस," ते म्हणाले. "साचे असत मा जाग्यार?"

"असत, दादा."

"बघलंस?"

"माझ्या गेटातसून काय हललेला नाय."

"मगे झाला," असं म्हणून बाबा वळले. त्या संध्याकाळी त्यांनी काकाला हाक मारून ताटावर बसवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो आपण.

थोड्याच दिवसांत मिल पुन्हा बंद झाली आणि बाबा गावी गेले, माझ्या भावाला घेऊन. गावात मजुरी करत राहीन, पण मिल उघडली आणि तुरुंगातले नेते सुटले की माझं बोलावणं येईल, असं म्हणाले. जाताना ते लाल झाकण घेऊन गेले, तांदळाच्या कणगीवर टाकायला. आई आणि मी मुंबईत राहिलो. काका गेटवर उभा राहत होता. बाबा सुट्टीहून मुंबईला परतणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर निरोप पाठवायचे, साचे असत मा? काका निरोप पाठवायचा, असत.

मग एका उन्हाळ्यात गेटवरच्या मडक्यातलं पाणी संपलं आणि काका पहिल्यांदाच आत, साचे खात्यापर्यंत पाणी भरायला गेला. घरी आला तो थेट मोरीत जाऊन बसला. आईनं विचारलं, बरं नाही का? तो म्हणाला, "वहिनी, थंय काय नाय." आत नुसती जमीन होती. साचे जिथे घट्ट बसवलेले होते तिथे बोल्टांची भोकं आणि तेलाचे काळे चौकोन, ओळीनं. मागच्या बाजूला रेल्वेच्या अंगाला दुसरं फाटक होतं. तिथून ताडपत्री टाकलेल्या लॉऱ्या जायच्या. त्यांचा आवाज काकानं शेकडो वेळा ऐकला होता. शिल्लक माल जात असेल, असं त्याला वाटलं होतं. बाबांचे साचे भंगाराच्या भावानं मागून गेले, आणि पुढे काका गेट आवळून उभा. चाळीला कळलं तेव्हा परबकाकी म्हणाल्या, कुंपणानंच शेत खाल्लं. मी त्यांच्याशी भांडले. कुंपणानं काही खाल्लं नव्हतं. कुंपण पुढून जसंच्या तसं होतं, शेत मागून उचलून नेलं होतं. ज्यांनी नेलं त्यांच्या दारावर कोळशानं लिहायला कुणी गेलं नाही.

निरोप पाठवून चालणार नव्हतं. काकानं नोकरी सोडली आणि आम्ही दोघं गावी गेलो. बाबा वाळले होते, पण काकाला बघून त्यांनी स्वतः जाऊन बांगडे आणले. काकूनं, म्हणजे बाबांच्या चुलतभावाच्या बायकोनं, तिखलं केलं. एक ताट वाढलं. बाबांनी बांगड्याचं डोकं मोडून काकाच्या बाजूला सरकवलं आणि विचारलं, "कधी उघडता मिल?"

काकानं घास खाली ठेवला. "दादा, साचे नाय आसत. मागल्या फाटकातसून नेल्यानी. सगळे."

"आणि तू?"

"मी पुढे होतंय. मी जन्मभर आत काय जाता ताच बघलंय रे दादा. भायर काय जाता ता बघूची सवयच नाय लागली."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ताटातून हात काढला, अंगणात जाऊन धुतला आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. काका त्या ताटासमोर तसाच बसून राहिला, भात वाळेपर्यंत. सकाळी निघताना बघितलं तर काकाच्या पिशवीवर ते लाल झाकण घडी करून ठेवलेलं होतं. तांदळाची कणगी उघडी होती. त्यानंतर बाबा जगले काही वर्षं, पण दोघे पुन्हा एका ताटात बसले नाहीत. काका जायचा, बाबा बोलायचे, पाऊसपाण्याचं, गाईचं. ताटं मात्र दोन. बाबा गेले तेव्हा काकानं त्यांच्या पिंडाजवळ बांगड्याचं डोकं ठेवायचा हट्ट धरला आणि भटजींनी त्याला झिडकारलं. काकाला दोष देणारे नातेवाईक मला भेटले की मी अजूनही उठून जाते. पण खरं सांगायचं तर बाबांना दोष द्यायलाही माझी जीभ वळत नाही. मग सगळी आग कुठे टाकायची हा प्रश्न राहतो. मिलच्या जागेवर आता उंच काचेची इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर कपड्यांचं दुकान. तिथल्या एका जाड कॅनव्हासच्या पिशवीवर मी एकदा हात फिरवला होता. किनार दातानं ओढून बघायचा मोह झाला होता.

काका म्हातारा झाल्यावर माझ्याकडे बदलापूरला राहायला आला. एकदा माझ्या मुलीनं बातमी आणली, काकाआजोबांचं विमान समुद्राजवळच्या एका बागेत ठेवलंय म्हणून. ती त्याला काकाआजोबाच म्हणायची. आम्ही त्याला घेऊन गेलो. चौथऱ्यावर हॉक उभा होता, नवा रंग मारलेला, पंख पसरलेले. खाली पाटीवर त्याची सगळी नोकरी चार ओळींत आटोपलेली, कधी आला, कोणती लढाई, कधी गेला. लोक सेल्फी काढत होते. काका मान खाली घालून त्याच्याभोवती फिरला, वाटेतलं आइस्क्रीमचं झाकण उचलून खिशात टाकलं, आणि पंखाच्या मुळाशी येऊन थांबला. हवा घ्यायच्या तोंडांवर पक्षी जाऊ नयेत म्हणून पत्रा ठोकून टाकला होता. काकानं त्यावर बोटांनी टकटक केलं. आत पोकळ आवाज आला. "इंजिन काढून नेल्यानी," तो मला म्हणाला. "आणि वर झाकण मारल्यानी. राखण कसली करतत ही?"

तेवढ्यात बागेचा रखवालदार धावत आला. खाकी कपडे, विशीतला पोरगा. "ओ आजोबा, हात नाय लावायचा. साहेब ओरडतो." काकानं लगेच हात मागे घेतला, ताठ उभा राहिला.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. मग त्या पोराला जवळ ओढून त्यानं हळूच विचारलं, "बाळा, ह्या बागेला मागं फाटक आहे?"

"आहे ना."

"तिथं कोण असतो?"

पोरगा हसला. "तिकडं कशाला कोण पाहिजे, आजोबा?"